उरलेली शून्यं

वाबळे मॅडम हसायला लागल्या की मला फळ्यावरचं गणित थांबवावं लागायचं. त्यांची कॉम्प्युटर लॅब माझ्या वर्गाला लागून. मधे भिंत होती म्हणे. मी ‘समजा, क्ष ही एक संख्या आहे’ एवढं म्हणतोय तोवर पलीकडून तो गडगडाट यायचा आणि माझी पोरं क्षला वाऱ्यावर सोडून भिंतीकडे बघत बसायची. एकदा मी तरातरा गेलो आणि दारातूनच विचारलं, ‘काय झालं एवढं?’ तर मॅडम पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, ‘सर, या, या! ह्या राहुलच्या प्रोग्रॅमप्रमाणे बारामतीहून इंदापूरला निघालेला माणूस निघायच्या आधीच पोचतोय. एसटीवाल्यांना कळवा म्हणावं कुणीतरी!’ असं म्हणून त्यांनी टेबलाचा खण उघडला, स्टीलचा डबा काढला आणि राहुलच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी भांडायला गेलो होतो. मलाही एक खडा मिळाला. गूळ तोंडात असताना भांडता येत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

हा गूळ सणसरचा, त्यांच्या दिरांच्या गुऱ्हाळातला. त्याचे नियम ठरलेले होते. उत्तर बरोबर आलं तर गूळ नाही. ‘बरोबर येणं हे तर कामच आहे, त्याचं काय कौतुक!’ स्वतःची चूक स्वतः शोधली तर गूळ. दुसऱ्याची चूक दाखवली तर काही नाही, वर ‘चहाडीला गूळ मिळत नसतो’ हे ऐकायला मिळायचं. त्यामुळं झालं काय, की आमच्या कॉलेजात बाकी सगळीकडं पोरं चुका लपवायची आणि मॅडमच्या लॅबमध्ये हात वर करून ‘मॅडम, चुकलं, चुकलं!’ असं आनंदानं ओरडायची. वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांचा त्यावरून फार घोटाळा झाला होता. त्यांना वाटलं, ह्या बाईंना काहीच शिकवता येत नाही.

मॅडम ठेंगण्या, रुंद, सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. अंबाड्यात कायम एक पेन खोचलेलं, आणि तेच पेन शोधत त्या स्टाफरूमभर फिरायच्या. रोज सणसरहून स्कूटीवर यायच्या. हेल्मेट काढायचं विसरून तशाच हजेरी घ्यायला उभ्या राहायच्या. कुणी सांगितलं तर म्हणायच्या, ‘असू दे. तुमचे प्रोग्रॅम बघायचे आहेत मला आज.’

आणि एक वाक्य. ते वाक्य म्हणजेच वाबळे मॅडम. ‘धाकट्याला विचार.’

कुठलंही मोठं गणित पुढं आलं आणि पोरगं गांगरलं, की मॅडम मोठ्या गणिताकडं बघायच्याच नाहीत. म्हणायच्या, ‘अरे, ह्याचा धाकटा भाऊ कुठाय? त्याला विचार आधी.’ हजाराचं कोडं आलं तर शंभराचं बघ. शंभराचं येईना तर दहाचं बघ. दहाचं तर शेंबड्या पोराला येतं. मग दहाच्या उत्तरात काय भर घातली की शंभराचं होतं, तेवढंच शोधायचं. तीच भर पुढं चालू. पुस्तकात ह्याला रिकरन्स रिलेशन म्हणतात. मॅडमनं ते नाव परीक्षेपुरतं ठेवलं होतं.

हे वाक्य त्या नुसतं फळ्यापुरतं वापरत असत्या तर मी काही म्हटलं नसतं. पण त्या डबासुद्धा सगळ्यात लहान पुडापासून खायला सुरुवात करायच्या. भांडारखोली आवरायचं काम आम्हा दोघांवर आलं, तर मी कागदावर कपाटांचा आराखडा काढत बसलो, आणि त्या एक खोकं रिकामं करून म्हणाल्या, ‘झालं. आता एका खोक्यानं लहान खोली राहिली.’ आमचं खरं भांडण तिथंच होतं. मी सूत्रवाला माणूस. एकदा सूत्र काढलं की धाकट्याबिकट्याची मनधरणी कशाला? त्या मला सगळ्यांसमोर ‘आमचे सूत्रवाले’ म्हणायच्या. मीही त्यांना काही कमी बोलत नव्हतो.

इंदापूरला त्यांच्या एका विद्यार्थिनीचं लग्न होतं, तिथली गोष्ट सांगितलीच पाहिजे. आहेर द्यायला ही भली मोठी रांग. मांडवाच्या बाहेरपर्यंत गेलेली. वैशाखातलं ऊन, पोटात कावळे, आणि जिलेबीचा वास नेमका आमच्या बाजूला. मी टाचा उंच करून डोकी मोजायला लागलो. मॅडम म्हणाल्या, ‘सर, मान मोडेल. थांबा.’ आणि त्यांनी पुढच्या फेटेवाल्या पाहुण्यांच्या खांद्याला हात लावला. ‘पाहुणं, तुमच्या पुढं किती माणसं हायेत?’

‘मला काय म्हाईत?’

‘मग तुमच्या पुढच्याला विचारा की, त्याच्या पुढं किती हायेत. तो सांगंल त्यात एक मिळवा आन मला सांगा.’

पाहुणे भले होते. त्यांनी पुढच्याला विचारलं. त्यानं त्याच्या पुढच्याला. प्रश्न रांगेतून सरकत सरकत निघाला. मधे एका आजीबाईंनी ‘कशाला मोजताय, जेवण कमी पडलंय व्हय?’ म्हणून घोळ घातला, पण त्यांच्या सुनेनं सांभाळून घेतलं. शेवटी प्रश्न स्टेजवर गेला. पहिल्या क्रमांकाला उभ्या असलेल्या काकांना काही कळेना, त्यांनी सरळ नवरीलाच विचारलं. आणि ती मुंडावळ्या बांधलेली पोरगी, भर मांडवात, हार सावरत उठून ओरडली, ‘काकांच्या पुढं कुणी न्हाय! शून्य! वाबळे मॅडम आल्यात, कुठं हायेत?’

मग उत्तर उलटं यायला लागलं. शून्य, एक, दोन, तीन. प्रत्येक जण मागं वळून, हसत, एक वाढवून सांगत होता. आमच्यापर्यंत आकडा आला तेव्हा अख्खी रांग एकमेकांशी बोलायला लागली होती. आकडा बरोबर होता की नाही कोण जाणे, कारण आजीबाईंनी बहुतेक दोन वाढवले होते. मला मात्र त्या दिवशी ते प्रकरण पहिल्यांदा नीट समजलं. हे मी मॅडमना कधी सांगितलं नाही. एवढं डोक्यावर बसवून घ्यायचं नसतं.

आता कोमलचं सांगतो.

कोमल निमगाव केतकीची. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक, पण कॉम्प्युटरपुढं बसली की आजूबाजूला बाँब पडला तरी हिला पत्ता लागू नये. तिला पुण्याला एमएस्सीला जायचं होतं. प्रवेशपरीक्षेत नंबरही चांगला आला होता. घरी डाळिंबाची बाग. वडील होते, पण घरात चालायचं ते आजोबांचं, म्हणजे तात्यांचं. आणि तात्या म्हणाले होते, ‘बास झालं. आता स्थळं बगायची.’

कोमलनं हे लॅबमध्ये सांगितलं तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. मॅडमनं कप खाली ठेवला. हसल्या नाहीत, हे मला आठवतं. ‘येत्या रविवारी मी येते,’ म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, ‘आपण येतोय,’ असं दुरुस्त केलं.

तात्या म्हणजे उंच, सडसडीत, पांढऱ्या स्वच्छ धोतरातला माणूस. ह्या गृहस्थांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा. वाया जाण्याचा. चहा प्यायल्यावर कपात तळाला घोट राहिला तर पाहुण्यालासुद्धा बोलायचे. मला बोलले. मॅडमनं ते पाहून स्वतःचा कप चाटूनपुसून संपवला आणि उलटा करून दाखवला. तात्या पहिल्यांदा थोडे हसले.

‘मॅडम, तुमी चांगल्या घरच्या दिसताय म्हणून इचारतो,’ तात्या म्हणाले. ‘तीन वर्सं झाली पोरगी त्या खोक्याफुडं बसतीया. काय येतंय तिला?’

‘मोजायला येतं,’ मॅडम म्हणाल्या.

‘मोजाया मलाबी येतंय की.’

‘तुम्ही झाडं मोजली असतील. ही न मोजता मोजते.’

तात्यांनी काठी उचलली. मग उठले आणि आम्हाला बागेत घेऊन गेले. बाग बघण्यासारखी होती. ओळीनं ठिबकच्या नळ्या, प्रत्येक झाडाखाली आळं साफ. ‘एक कमी हजार झाडं हायेत,’ ते म्हणाले. फाटकाजवळचा ओळीतला पहिलाच खड्डा रिकामा होता. तिथं लावलेलं रोप दोनदा जळालं, म्हणून तात्यांनी तो नाद सोडला होता. ‘त्या खड्ड्याला न्हाय मानवत,’ म्हणाले, आणि त्याच्याकडं न बघता पुढं गेले.

तात्यांची अडचण अशी होती. कुठल्या झाडावर तेल्या रोग दिसला, कुठलं फवारलं, कुठलं राहिलं, ह्यावरून त्यांची आणि कोमलच्या वडिलांची रोज वादावादी. ‘ते विहिरीच्या अंगाचं वाकडं झाड’ असं म्हटलं तर तशी चाळीस निघायची. म्हणून त्यांना प्रत्येक झाडाला नंबर टांगायचा होता. बारामतीत एक दुकानदार पिवळ्या प्लास्टिकचे आकडे कापून देत होता, वर भोक पाडून. ते तारेत ओवायचे आणि फांदीला अडकवायचे. आकडे मराठीच पाहिजेत, ही तात्यांची अट, कारण इंग्रजी सहाला उलट्या बाजूनं भोक पडलं की नऊ होतो. हे मला सुचलं नसतं.

‘आता मला सांगा,’ तात्या काठी टेकवून उभे राहिले. ‘एक ते नऊशे नव्व्याण्णव. एक किती लागतील, दोन किती, शून्य किती? दुकानदार कापल्याला माल माघारी घेत न्हाय. एक आकडा कमी पडता कामा न्हाय आन एक उरता कामा न्हाय. पोरीनं बरुबर सांगितलं, तर जाऊ द्या तिला पुण्याला. मी आडवा येणार न्हाय.’

‘आणि चुकलं तर?’ मी विचारलं. मॅडमनं माझ्याकडं असं बघितलं, की मी ठिबकची नळी न्याहाळायला लागलो.

‘चुकलं तर मंग स्थळं,’ तात्या म्हणाले.

सोमवारी लॅब गच्च भरली. कोमल फळ्यापाशी. कुणीतरी मागून म्हणालं, ‘मॅडम, एक ते नऊशे नव्व्याण्णव सगळे आकडे लिहून काढायला लावू कॉम्प्युटरला, आणि मोजू. दोन ओळींचा प्रोग्रॅम आहे.’ मॅडम कडाडल्या, ‘आणि उद्या त्यांनी एक कोटी झाडं लावली मग? मोजत काय बसायचं! धाकट्याला विचार.’

तर कोमलनं धाकट्याला विचारलं. एकाच घराचे आकडे, शून्य ते नऊ. प्रत्येक अंक एकदा येतो. सोपं. आता दोन घरांचे. उजवीकडच्या घरात तो धाकट्याचाच पाळणा दहा वेळा फिरतो, म्हणजे सात दहा वेळा आला. शिवाय डावीकडच्या घरात सत्तर ते एकोणऐंशी सात ठाण मांडून बसलेला, ते आणखी दहा. झाले वीस. तीन घरांचे? धाकट्याचे वीस, दहा वेळा, म्हणजे दोनशे. शिवाय सातशे ते सातशे नव्व्याण्णव, शंभर. झाले तीनशे. धाकट्याची दहापट, अधिक स्वतःची भर. सात काय, आठ काय, सगळ्यांना तोच न्याय. प्रत्येक अंक तीनशे. कोमलनं प्रोग्रॅम लिहिला तो चार ओळींचा झाला. एक कोटी झाडांचं उत्तरसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. पोरांनी बाकं वाजवली. मॅडमनं माझ्याकडं भुवई उडवून पाहिलं, ‘काय सूत्रवाले, किती येतायत तुमचे सात?’ मी मनात सूत्र मांडलं आणि म्हणालो, ‘सात तीनशेच.’ मला सातांचं विचारलं होतं, मी सातांचं सांगितलं. शून्याचा विषय माझ्यापुढं कुणी काढलाच नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे निमगावात. दहा पिशव्या, एकेका पिशवीत एकेका अंकाचे तीनशे तुकडे. लॅबमधली पोरंपोरी, कोमलचे वडील, आई, चुलती, सगळ्यांनी हात लावला. कुणी तार कापतंय, कुणी ओवतंय, कुणी टांगतंय. सगळ्या बागेतून ‘दोन द्या रे’, ‘माझे पाच संपले’ अशा आरोळ्या. मॅडम हेल्मेट घालूनच झाडांखाली वाकत होत्या, काटे लागतात म्हणून. कोमलच्या आईनं पिठलं-भाकरी केली होती. ती जागच्या जागी उभ्यानंच खाल्ली. तात्या काठी घेऊन ओळीतून फिरत होते, आणि त्यांच्या मागं मागं, चार पावलं अंतर ठेवून, कोमल.

उन्हं कलायला लागली तेव्हा शेवटचं झाड झालं. नऊशे नव्व्याण्णव. एकांची पिशवी रिकामी. दोनांची रिकामी. कोमलच्या वडिलांनी एकेक पिशवी उलटी करून झटकून दाखवली, नवांपर्यंत. एकही तुकडा नाही, एकही कमी नाही. पोरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि तात्यांनी दहावी पिशवी उचलली. ती खुळखुळली.

त्यांनी ती बाजेवर ओतली. पिवळ्या शून्यांचा ढीग पडला.

‘हे काय हाय?’ तात्या म्हणाले. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

कोमलच्या आईनं पदर तोंडाला लावला. कोमलचा चेहरा तर पांढराफटक पडला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढं सगळं करून पोरगी शून्यांपायी अडकली!

आणि तेवढ्यात तो गडगडाट झाला. वाबळे मॅडम हसत होत्या. अहो, हसत म्हणजे हेल्मेटसकट हलत होत्या. मला वाटलं ह्यांना ऊन लागलं. त्यांनी पर्समधून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि कोमलपुढं धरला.

‘घे गूळ. चूक सापडली.’

‘अवो मॅडम,’ तात्यांनी काठी आपटली, ‘हितं पोरीचं पुणं गेलं, आन तुमी गूळ वाटताय?’

‘तात्या, चूक का झाली ते अजून शोधून झालं नाही तिचं. थोडं थांबा. मग काय ते ठरवा.’ आणि कोमलकडं वळून, एकदम हळू आवाजात, ‘रडू नकोस. त्या ढिगाकडं बघू नकोस. धाकट्याला विचार.’

कोमलनं नाक ओढलं. गूळ हातातच धरून उभी राहिली. मग काडीनं मातीत लिहायला लागली. आम्ही सगळे वाकून बघतोय. ‘नऊच झाडं असती,’ ती पुटपुटली, ‘तर मी शून्य ते नऊ एकेक अंक आणला असता. पण शून्य नंबराचं झाडच नाही. म्हणजे एक शून्य उरलं असतं.’ थांबली. ‘नव्व्याण्णव असती, तर वीस शून्यं आणली असती. लागली असती दहा, वीस, तीस, अशी नव्वदपर्यंत नऊ. उरली अकरा.’ आता तिचा आवाज वाढत होता. ‘मॅडम! मी सातला शून्य शून्य सात धरलं! सगळ्या आकड्यांना तीन घरं धरली, सुरुवातीची शून्यं टांगलीच नाहीत आपण! आधी एक, मग अकरा, म्हणजे आता...’ ती ताडकन उभी राहिली. ‘तात्या, ह्या ढिगात एकशे अकरा शून्यं आहेत. मोजा.’

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग बाजेवर मांडी घालून बसले आणि मोजायला लागले. कुणालाही हात लावू देईनात. दहा-दहाचे ढीग घातले. अकरा ढीग झाले आणि एक उरलं. तात्यांनी ते एक शून्य उचलून तळहातावर ठेवलं.

‘एकशे अकरा हायेत,’ ते म्हणाले. ‘पन उरली ती उरलीच की. वाया गेली.’

‘नाही गेली.’ हा आवाज कोमलचा होता, आणि आजोबांपुढं तो एवढा मोठा कधी निघाला नसावा, कारण तिच्या वडिलांनी दचकून वर पाहिलं. ती पहिल्या ओळीत गेली. सातव्या झाडाची तार सोडवली आणि साताच्या आधी दोन शून्यं ओवली. ‘तात्या, वाऱ्यानं एखादा आकडा गळाला आणि झाडावर नुसतं सत्तेचाळीस राहिलं, तर तुम्हाला कसं कळणार ते सत्तेचाळीसच आहे, का चारशे बहात्तर होतं त्यातला काही पडला? पण सगळ्यांवर तीन-तीन असले, की जिथं दोन दिसले तिथं एक पडलाय. लगेच कळणार.’

तात्यांनी झाडाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. मॅडम तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. हसू दाबत होत्या की रडू, मला सांगता येणार नाही.

‘लावा मंग,’ तात्या म्हणाले. ‘काय बगताय? लावा की म्होरं!’

अशी पळापळ मी कुठल्या लग्नातसुद्धा बघितलेली नाही. पहिल्या नऊ झाडांना दोन-दोन, नव्व्याण्णवपर्यंतच्या बाकीच्यांना एकेक. मीही चपला हातात घेऊन धावत होतो. शेवटी बाजेपाशी आलो, तर तात्यांच्या तळहातावर तीन शून्यं शिल्लक.

‘आता ह्ये तीन?’

कोमलनं फाटकाकडं बोट केलं. ओळीच्या सुरुवातीला, पहिल्या झाडाच्याही अलीकडं, तो रिकामा खड्डा.

तात्या काठी न घेताच चालत गेले. खड्ड्यापाशी उभे राहिले. आम्ही मागं. ‘मी मॅडमला एक कमी हजार म्हणलो हुतो,’ ते हळूच म्हणाले. ‘ह्यो खड्डा धराया पोरीला कुनी सांगितलं न्हवतं. तरीबी तिनं ह्याची पाटी धरलीया.’ मग वळून मुलाला म्हणाले, ‘रोपवाटिकेतनं चांगलं रोप आण. ही जायच्या आधी हिच्या हातनं लावू.’

जायच्या आधी! कुठं जायच्या, ते सांगायची गरज नव्हती. कोमलनं इतका वेळ मुठीत धरलेला गूळ तोंडात टाकला. तो वितळून तिचा हात सगळा चिकट झाला होता. तसाच चिकट हात तिनं तात्यांच्या पांढऱ्या धोतराला पुसला आणि तात्या काही बोलले नाहीत.

रोप लागलं. आणि ह्या वेळी जगलं. कोमल पुण्याला गेली, शिकली, तिकडंच नोकरीला लागली. तात्या तिला फोनवर रोज बागेची खबर द्यायचे. ‘शून्य चार साताला तेल्या हाय. शून्य शून्य नवाला फुलं लय आल्यात.’ गावात लोक चेष्टा करायचे की तात्या आता भाकऱ्यासुद्धा शून्य शून्य दोन खातात. तात्यांना त्याचं काही नाही. गेल्या वर्षी त्यांनी धाकटी नात आपणहून आणून आमच्या कॉलेजात घातली. कुणी सांगायला गेलं नव्हतं.

मॅडम निवृत्त झाल्या त्या आठवड्यात तात्यांचं बोलावणं आलं, शून्य शून्य शून्यला पहिलीच फळं धरलीत, खायला या म्हणून. आम्ही त्यांच्या स्कूटीवरून गेलो. माझ्या वयाच्या माणसानं स्कूटीवर मागं बसून कॅनव्हासच्या बुटांच्या भरवशावर इंदापूर रस्त्यानं जाणं हे काय असतं, ते पुन्हा कधीतरी मला समक्ष भेटून विचारा. कोमल आदल्या दिवशीच पुण्याहून आली होती. फळ फोडलं, सगळ्यांनी वाटून खाल्लं. तात्यांनी टाकलेली सालंसुद्धा वाळवायला गोळा केली. मॅडम दुसऱ्या दिवशी मुलाकडं नागपूरला निघणार होत्या, कायमच्या. भिंतीपलीकडचं त्यांचं हसणं बंद झाल्यापासून माझा वर्ग शांत झाला होता आणि मला त्या शांततेत एक गणित धड शिकवता येईना.

निघालो. कोमल आणि तात्या फाटकापर्यंत आले. मॅडमनं स्कूटी चालू केली, हेल्मेट घातलं, आणि एकदम बंद केली.

‘सर, उतरा.’

‘काय झालं?’

‘दोनच आहेत.’

मी बघितलं. फाटकाजवळच्या त्या झाडावर, फांदीच्या तारेला, दोनच शून्यं लोंबत होती. तारेचं एक टोक सुटलं होतं. मॅडम उतरल्या आणि हेल्मेटसकट गुडघ्यांवर बसल्या. आळ्यातला पाचोळा हातानं चाचपायला लागल्या. कोमल ‘मॅडम, राहू द्या, मी शोधते’ म्हणत धावली. मॅडमनं तिला हातानंच थांबवलं. पाचोळ्याखाली, मातीत अर्धं गेलेलं, पिवळं काहीतरी त्यांच्या बोटांना लागलं. त्यांनी ते साडीच्या पदरानं पुसलं, फुंकर मारली, अंबाड्यातलं पेन काढून भोकातली माती उकरली. तारेत ओवलं. टोक दोन पिळे देऊन घट्ट केलं.

मग तशाच बसल्या बसल्या, मातीनं भरलेला हात तात्यांकडं वर करून, तोच गडगडाट करत म्हणाल्या, ‘तात्या, भरले बघा तुमचे हजार!’